सिस्टर वैजयंताचा सहा नंबर

"मग यातला कोणता घालू, बाई?"

पडवीच्या फरशीवर बुटांचे पाच जोड मांडून सिस्टर वैजयंता घोलप उभी होती. कॅनव्हासचे, नाजूक, चपट्या बेली, जाड स्पंजाचे, जेलच्या तळव्याचे आणि एक जोड उच्चारही न येणाऱ्या नावाचा. नुसतं दुकान थाटलं होतं.

एस्तेरबाई पाटोळे खुर्चीत बसून गवार मोडत होत्या. मिशन हॉस्पिटलच्या निवृत्त मेट्रन. तालुक्यातल्या निम्म्या नर्सेस त्यांच्या हाताखाली शिकलेल्या, बावीस वर्षांपूर्वी वैजयंताही. आज ती तिथल्याच बायकांच्या वॉर्डची इन्चार्ज होती आणि सकाळची ड्यूटी संपवून तशीच इकडे आली होती.

"आधी बस," बाई म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही, बाई. उद्या अर्ज द्यायचाय."

"कसला?"

"बदलीचा. रेकॉर्ड सेक्शनला. टाचा गेल्या माझ्या. डॉक्टर म्हणाले, एकतर बूट बदला, नाहीतर उभ्याचं काम सोडा. पाच जोड बदलून झाले..."

"मग दे अर्ज."

"आणि वॉर्ड सोडून मी काय करू? फायलींना सलाइन लावू?"

हे ती हसत म्हणाली खरी, पण त्या वॉर्डावर तिचा जीव होता.

बाईंनी गवारीची ताटली बाजूला सरकवली.

"हे घेतेस कधी?"

"सुटीच्या दिवशी. सकाळी. दुकानात गर्दी नसते."

"रात्रभर झोपून उठलेल्या पायांनी?"

"हो."

"आणि घालतेस कधी?"

"ड्यूटीवर. दिवसभर."

"सुटीतला पाय म्हणजे पाहुणा, पोरी. त्याच्या मापानं घर बांधायचं नसतं... नंबर काय तुझा?"

"सहा."

उत्तर फटकन आलं. पेशंटचा रक्तगट सांगावा तसं.

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच! ट्रेनिंगला आले तेव्हा तुम्हीच बूट दिले होते मला. पहिलेच बूट माझे. सहा नंबर. तेव्हापासून सहाच घेते."

"तेव्हा तू अठरा वर्षांची होतीस. पुढे दोन बाळंतपणं झाली, बावीस वर्षं उभी राहिलीस. ब्लाऊज उसवून घेतेस ना? मग पायानंच काय घोडं मारलंय?"

वैजयंताला राग आला. नर्स मंडळींचं हे असंच असतं. साऱ्या वॉर्डचं बीपी बघतील आणि स्वतःच्या पायाचं नाव काढलं की फणकारतील.

"सहाच आहे, बाई. जरा घट्ट होतात, पण वापरून सैल पडतात."

बाईंनी जुनं वर्तमानपत्र घेतलं, कानामागची पेन्सिल काढली आणि खुर्चीचा हात धरून सावकाश खाली फरशीवर बसल्या. त्यांचे गुडघे कटकट वाजले.

"काढ बूट. ठेव पाय यावर."

"बाई, नको! तुम्ही माझ्या पायाला हात..."

"पेशंटच्या पायाला लावतेस ना तू? ठेव. दोन्ही पायांवर सारखा भार दे."

वैजयंता संकोचून उभी राहिली. पेन्सिल पावलाभोवती फिरली. टाचेला, घोट्याखालून, करंगळीवरून, अंगठ्यापुढून. मग बाईंनी तिचाच बूट उचलला आणि त्या रेघेवर ठेवला.

करंगळीची रेघ बुटाच्या बाहेर. अंगठ्याची रेघही बाहेर.

"हा पाय कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"माझाच."

"रोज एवढा पाय तू एवढ्यात कोंबतेस."

"कोंबते!" वैजयंताचा पारा चढला. "पण कधी थांबले नाही, बाई. टाचा ठणकत असताना राउंड घेतलेत. तोंडावर हसू ठेवून. बावीस वर्षांत एकाही पेशंटला कळू दिलं नाही मी, की माझं काही दुखतंय."

तिची छाती जराशी पुढे आली. तसा हा अभिमान खोटा नव्हता. घाम गाळून मिळवलेला होता.

बाई वर्तमानपत्राकडे पाहत राहिल्या.

"मला कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"गेल्या वर्षी. न्यूमोनिया झाला होता मला. तुझ्याच वॉर्डात सहा दिवस होते."

"आठवतंय ना! मी जातीनं बघत होते तुमच्याकडे."

"बघत होतीस. माझे डोळे मिटलेले असायचे, पण कान उघडे. पाऊल वाजलं की ओळखायची मी, वैजू आली. एक पाय टेकायचा, दुसरा ओढत यायचा. वळताना थांबायचीस. पलंगाचा दांडा धरायचीस."

वैजयंताने पाय कागदावरून मागे घेतला.

"एके दुपारी घसा अगदी कोरडा पडला होता. जीभ टाळूला चिकटली. पाण्याचा तांब्या हाताला येईना. तू दोनदा शेजारून गेलीस."

"मग हाक का नाही मारलीत?"

बाईंनी पेन्सिल परत कानामागे खोचली.

"बाई, का नाही मारलीत हाक?"

"तुझा पाय दुखत होता ना, पोरी."

वैजयंता मटकन खाली बसली. पाच जोडांच्या मधोमध.

पलीकडच्या अंगणात कुणीतरी गोधडी झटकत होतं.

"अजून कितीजणींनी..." ती म्हणाली आणि पुढचं तिला बोलवेना. तोंडावर पदरासारखी ओढणी धरून ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली.

बाईंनी रडू दिलं. मग तिची दोन्ही सुजलेली पावलं ओढून मांडीवर घेतली. या वेळी वैजयंताने ती मागे घेतली नाहीत. बाईंनी त्यांवर तळवे ठेवले आणि वाकून कपाळ टेकवलं.

"बाई!"

"गप्प. सहा दिवस ही माझ्यासाठी चालली. वाचले मी त्यांच्यामुळे. आभार मानायचे राहूनच गेले होते."

"आभार तर मी मानायचे," वैजयंता पुटपुटली. "पायात पहिला बूट तुम्ही घातलात..."

"मग आता उघड्या डोळ्यांनी दुसरा घे. ऊठ. आत्ताच जा, पाय सुजलेले आहेत तोवर. ड्यूटीचे मोजे घालून जा. टाच घट्ट धरणारा हवा, पंजा मोकळा, अंगठ्यापुढे बोटभर जागा. पुढून बंद घे, सुया पडतात. तळ ओल्या फरशीवर सरकता कामा नये. आणि दुकानात उभी राहू नकोस नुसती, फेऱ्या मार."

"आणि नंबर?"

"नंबर वाचू नकोस."

वैजयंता पाच जोड तिथेच टाकून गेली.

ऊन कललं तेव्हा परत आली. पायात रुंद, साधे, पांढरे बूट होते. पाहिलं तर कुणी त्यांना सुंदर म्हटलं नसतं.

"मिळाले?"

"बायकांच्या कपाटात नव्हते, बाई. पुरुषांच्या कपाटातून काढून दिले."

"दुकानदार हसला असेल."

"हसला. मलाही हसू आलं. नुसतं आत पाय घातला, बाई, आणि बोटं अशी पसरली, जणू बावीस वर्षं दम धरून बसली होती बिचारी. देवा, केवढं बरं वाटलं!" बोलताना तिचे डोळे पुन्हा भरून आले. मग चेहरा उतरला. "पण बाई, टाच एका दिवसात थोडीच बरी होणार? उद्या सकाळी तो अर्ज... देऊ की नको?"

बाईंनी खुर्चीत मान मागे टेकली आणि डोळे मिटले.

"चाल," त्या म्हणाल्या.

वैजयंता पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. वळली. कशालाही न धरता वळली. परत खुर्चीशेजारून गेली.

बाई कान देऊन पडून होत्या.

ती पुन्हा एकदा शेजारून गेली...

"सिस्टर," डोळे न उघडता बाई म्हणाल्या, "जरा घोटभर पाणी देता का हो?"