उजेडाची दिशा

एकदा एक वृद्ध निरूपणकार होते. आपल्या घराच्या ओसरीवर ते दर गुरुवारी संध्याकाळी कथा सांगत आणि सारा गाव ऐकायला येई. असा त्यांचा तीस वर्षांचा नेम होता. पण पुढे त्यांचा आवाज बसला, तो कायमचाच. वैद्यांनी बोलायचे कमी करा म्हणून बजावले, तेव्हा त्यांनी सहा वर्षे आपल्यापाशी शिकत असलेल्या शिष्याला बोलावले आणि पुढचे दोन गुरुवार त्याच्या हवाली केले. लोक रमले तर बैठक चालू ठेवायची, नाही रमले तर बंद करायची. भिडेखातर कुणाला बसवून ठेवायचे नाही, एवढीच त्यांची अट होती.

शिष्य आनंदला आणि घाबरलाही. ही बैठक आपल्या हातून मोडली तर गावाला तोंड कसे दाखवावे, या विचाराने त्याची झोप उडाली. त्यातून दिवस सुगीचे. लोक शेतातून परतणार ते अंधार पडल्यावरच, त्यामुळे ओसरीवर उजेड हवा होता. ओसरीचे छप्पर गवताचे आणि शेजारीच कडब्याची गंजी, म्हणून गुरुजी तिथे पणतीसुद्धा लावू देत नसत. छप्पर दरवर्षी उतरवून नवे घालावे लागे, त्यामुळे विजेची तार ओढायची सोय नव्हती.

यावर शिष्याने उपाय शोधला. तालुक्याच्या बाजारातून त्याने उन्हावर चालणारे चार दिवे आणले. दिवसभर ते विहिरीच्या कठड्यावर उन्हात ठेवले आणि संध्याकाळी ओसरीच्या आढ्याला टांगले. चारही दिव्यांची तोंडे त्याने स्वतःच्या आसनाकडे वळवली. मग आसनावर बसून पाहिले. आपले पांढरेशुभ्र उपरणे कसे झळकते आहे ते पाहून स्वारी भलतीच खूश झाली.

गुरुवारी चाळीसेक माणसे आली. शिष्याने पाठ केलेले सारे खणखणीत म्हटले, एक अक्षर चुकले नाही. समोर त्याला निव्वळ काळोख दिसत होता आणि त्या काळोखात चिडीचूप शांतता होती. सभा तल्लीन झाली, असे त्याने मानले. कथा संपवून तो दिव्यांच्या पलीकडे आला, तर ओसरीवर सात माणसे उरली होती. त्यांतली दोन गाढ झोपली होती आणि म्हाताऱ्या भिवराबाई पायरीपाशी चाचपडत वहाणा शोधत होत्या.

"मी कवाच निघाले असते रं बाबा," त्या म्हणाल्या, "पर वहाणाच घावंनात."

शिष्याचे तोंड उतरले. रात्रभर विचार करून तो या निष्कर्षाला आला की उजेड कमी पडला, आणखी चार दिवे आणावेत. गुरुजींनी ते ऐकून घेतले आणि आधी आहेत तेच चार पुरेत म्हणून सांगितले.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी शिष्याने उन्हातले दिवे पुन्हा आढ्याला टांगले, तेव्हा गुरुजी स्वतः स्टुलावर चढले आणि त्यांनी चारही दिवे खाली काढले. एक दिवा त्यांनी बाजूच्या चुन्याने रंगवलेल्या भिंतीकडे तोंड करून जमिनीवर ठेवला. दोन दिवे आपल्या जुन्या उपरण्यात सैल बांधून, श्रोते बसतात त्या जागेवर टांगले. हे दिवे तापत नसल्यामुळे कापडाला धोका नव्हता. चौथा पायरीवर ठेवला. आसनापाशी एकही दिवा ठेवला नाही.

शिष्य मनातून दुखावला. "गुरुजी, माझं तोंडच कुणाला दिसणार नाही."

"सहा वर्षं बघतायत," गुरुजी म्हणाले. "त्यात नवीन काय आहे?"

अंधार पडला. भिंतीवरून परतलेला उजेड सायीसारखा मऊ होऊन ओसरीभर पसरला. लोक आले, दिव्यांखाली बसले, एकमेकांना ओळखून हसले. शिष्याने अर्धअंधारातून पाठ केलेल्या श्लोकाने आरंभ केला आणि समोर बसलेल्या टोपाजी पाटलांच्या कपाळावर आठी पडलेली त्याला दिसली. तो थबकला. मग तेच त्याने साध्या बोलीत सांगितले, तशी आठी गेली. पुढे एका प्रसंगाला भिवराबाईंचा सुपारी चघळणारा जबडा थांबला. तिथे तोही थांबला, आणि तो प्रसंग त्याने आणखी जरा फुलवला. कुणी हसले की शेजारचा त्याच्याकडे बघून हसे आणि ते हसू ओसरीच्या टोकापर्यंत जाई. हे सारे शिष्याला दिसत होते. खांबाला टेकून बसलेले गुरुजीही त्याला दिसले, कथेत इतके रमलेले की त्यांचे तोंड किंचित उघडे राहिले होते. शिष्याला गहिवरून आले आणि त्याच भरात त्याने कथा शेवटाला नेली.

नंतर त्याने गुरुजींपाशी जाऊन विचारले, "दिवे माझ्यावरून का काढलेत?"

गुरुजी बसक्या आवाजात म्हणाले, "मागच्या गुरुवारी तू चांगलाच बोललास. पण कुणाशी बोलतोयस ते तुला दिसत नव्हतं, आणि आपण सांगणाऱ्याला दिसत नाही हे लोकांना बरोबर कळतं. माणूस मग हळूच उठून जातो. मला काही फार मोठी विद्या येत नव्हती रे. समोरचा चेहरा बघायचा आणि त्याला लागेल तेवढं सांगायचं, तीस वर्षं मी एवढंच केलं. आज तू तेच केलंस."

शिष्याने त्यांच्या पायांना हात लावला. उठता उठता त्याने भीत भीत विचारले, "मग बैठक चालू ठेवायची का?"

गुरुजींनी ओसरीकडे पाहिले. कथा संपून बराच वेळ झाला होता, तरी मंडळी आपापसात बोलत बसली होती आणि भिवराबाई कुणाला तरी आजचा प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या.

"ही माणसं उठू देत," गुरुजी हसून म्हणाले, "मग ठरवू."

शिष्यही हसला, आणि आसनाकडे न जाता त्या माणसांतच जागा करून बसला.