साळुंकीचा पहारा

टेकडी बोडकी होती तेव्हाची गोष्ट. तिच्यावर एकच झाड आणि झाडात एकच ढोली. तिच्यासाठी साळुंकी आणि पोपट दर विणीला एकमेकांची पिसं उपटत. पुढे गावाने तिथली चराई थांबवली, पांगारे वाढले आणि सुतारपक्ष्याने खोडाखोडांत ढोल्या कोरल्या. पोपट शेजारच्या झाडात राहायला गेला.

साळुंकी मात्र ढोलीच्या तोंडाशीच पहारा देत बसली.

"साळूताई, आत जा, अंडी घाल. त्याला आता तुझी ढोली नकोय," सुतारपक्षी म्हणाला.

"गप रे! मी आत वळले की आलाच तो चोर!"

विणीचा हंगाम सरला. पोपटाची पिल्लं उडू लागली. साळुंकीने ऐटीत मान उडवली.

"बघितलंस? कुणाला पाऊल ठेवू दिलं नाही!"

"खरंय," सुतारपक्षी म्हणाला, "तुझ्या पिल्लांनासुद्धा नाही."