सोनकीचा इवलासा रहाट

डोंगराच्या पायथ्याशी, घाणेरीच्या केशरी-गुलाबी जाळ्यांपलीकडे, एक चिमुकली झोपडी होती. तिथे सोनकी आणि तिची आई राहायची. आई पितळी तारेची वेढणी करायची, म्हणजे बोटात घालायच्या साध्या, लखलखत्या अंगठ्या. साधन काहीच नव्हतं. ती तार आपल्याच बोटाभोवती गुंडाळायची. तार रुतायची, कातडी सोलायची, आणि तरी एक वेढणं मोठं तर एक छोटं व्हायचं.

जत्रेत झुंबरशेट दुकानदारानं आईनं विकायला मांडलेली वेढण्यांची माळ उचलली. "ए बाई, ही वेढणी की वाळलेली गांडुळं?" म्हणाला, आणि माळ धुळीत भिरकावली. बघे हसले. आई वाकून एकेक वेढणं वेचू लागली.

सोनकी रडली नाही. तिच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या. ती तरातरा रानात निघाली आणि वाटेतला दगडन्‌दगड तिनं लाथाडला.

घाणेरीच्या काट्यांत काहीतरी फडफडत होतं.

"आता तू आणि कशाला अडकलंस?" ती खेकसली. पण खेकसतानाच तिनं एकेक काटा हळूच बाजूला केला. हातभर ओरखडे उठले, पण त्या नाजूक पंखांना तिनं धक्का लागू दिला नाही.

तिच्या तळहातावर करंगळीएवढी परी उभी राहिली. पंख जांभळे, कडा सोनेरी, अंगावर दवाची झगमग.

"एक इच्छा माग, बाळ," परी म्हणाली. "नियम दोनच. कुणाचं वाईट मागायचं नाही. आणि तुझ्या हातांना जमेल ते मागायचं नाही."

"झुंबरशेटची बोटं वाकडी कर."

"हा पहिला नियम मोडला."

"मग आईला वेढणी वळायचं साधन दे."

परीनं तिच्या ओरखडलेल्या हातांकडे पाहिलं. "हा दुसरा."

"मग तुझा उपयोग तरी काय?"

परी रागावली नाही. "तुझा राग खरा आहे, राणी. तो कामाला लाव."

सोनकीनं कोपरासारखी वाकलेली एक फांदी तोडली आणि घरी अंगणात आणली. परी तिच्या खांद्यावर बसली होती. सोनकीनं साल सोलली आणि फांदीची दांडी दगडावर घासायला घेतली. झुंबरशेटचं हसू आठवलं, की हात दुप्पट जोरात चाले. दांडी गोल, गुळगुळीत झाली. दोन बेचकी जमिनीत रोवून तिनं ती त्यांवर आडवी ठेवली, जणू इवलासा रहाटच.

पण तार अडकवायची कुठे? टोकाला भोक पाडताना खिळा वाकला. दुसराही वाकला. सोनकीनं दांडी फेकायला हात उगारला, दात-ओठ खाल्ले, आणि हात खाली घेतला. मग विळ्यानं टोकाला एक बारीकशी चीर दिली. तार चिरेत घट्ट बसली. वाकडं कोपर झालं मूठ. मूठ फिरवली, आणि गर्र गर्र करत तारेची वेटोळी एकमेकांना चिकटून दांडीवर चढली, जणू सोन्याचा सुरवंटच. आईनं कातरीनं ती कापली. टिंग, टिंग, टिंग. सगळी वेढणी एकसारखी.

दुसऱ्या दिवशी जत्रेत बायकांची झुंबड उडाली. झुंबरशेट हसत हसत आला. "पोरी, सगळी मलाच दे."

"आधी माझ्या आईची माफी मागा," सोनकी म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण भीतीनं नाही. "काल ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर."

झुंबरशेटनं मान खाली घातली. "चुकलं माझं, ताई," तो पुटपुटला.

घरी परतल्यावर परीनं विचारलं, "आता इच्छा?"

"आईची बोटं बरी कर. ते माझ्या हातांना जमत नाही."

परी आईच्या बोटांवर उतरली. जांभळा, सोनेरी, पांढराशुभ्र उजेड फुलत गेला. प्रत्येक जखम मिटली, कातडी कोवळ्या पानासारखी मऊ झाली. उजेड विरला तेव्हा परी नव्हती.

सोनकीच्या मनात अजून थोडा राग धुमसत होता. तो मात्र परीनं नेला नाही, पुढच्या कामासाठी सोनकीपाशीच ठेवला.