तळ्याला अनुदान मिळालं

फार जुन्या काळी, रानात हत्तीचं राज्य असताना, दरबारातून दवंडी पिटली गेली की तळ्यांतले जीव जपायला अनुदान मिळणार आहे.

तळ्याचा पुढारी बगळा लगेच कामाला लागला. पाहणीला खुद्द महाराज येणार म्हणून त्याने काठचं सगळं लव्हाळं उपटायला काढलं. त्यातच चांदी पाणकोंबडीचं घरटं होतं.

"बगळेदादा, आत माझी अंडी आहेत हो!" ती काकुळतीला आली.

"मग हलव की चार दिवस कुठेतरी! तुमच्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

अंडी कुठे हलवणार? लव्हाळ्याबरोबर तीही गेली. चांदी रडत रडत रानाबाहेरच्या घाणेरड्या डबक्यावर राहायला गेली.

महाराज आले. तळं आरशासारखं लख्ख होतं, पण जीव एकही दिसेना. "फारच गरजू तळं आहे," असं म्हणत त्यांनी लव्हाळं लावायला आणि पाणकोंबड्या आणायला भरघोस अनुदान मंजूर केलं.

बगळा धावतच डबक्यावर आला. "चांदीताई, चला! तुमच्या नावाने अनुदान आलंय!"

नव्या अंड्यांवर बसलेली चांदी दचकली.

"हळू बोला, दादा," ती कुजबुजली. "हे डबकं वाचवायचं अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही."