ठकूबाईचे कुंकवी

बेलनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी डोहगावी, नदीकाठच्या महादेवाच्या देवळात होता. देवळाखालच्या डोहात बोटभर लांबीचे, अंगावर तांबडी रेघ असलेले मासे राहत. गाव त्यांना कुंकवी म्हणे. त्या डोहाखेरीज हा मासा कुठेच उरला नव्हता. उन्हाळ्यात नदी आटू लागली की ठकूबाई भोईण डोहाभोवतीच्या डबक्यांत अडकलेले कुंकवी घागरीत घालून डोहात आणून सोडी. हीच तिची पूजा!

दाजिबा पाटील हसत. "भोयाची बाई अन् मासे वाचवते! मांजरानं उंदीर पाळले म्हणायचे!"

त्या वैशाखात मात्र डोहच आटला. कधी नव्हे ते घोट्यापुरतं पाणी राहिलं. ठकूबाई भरली घागर घेऊन महाराजांपुढे उभी राहिली. "म्हाराज, आता ह्यांस्नी कुठं सोडू? लेकरं मरत्यात माझी."

महाराज डोहात उतरले. पाटलांनी नुकतीच वडिलांच्या नावाची मोठी शिळा पायरी म्हणून तिथे बसवली होती. डोहातले उरलेसुरले मासे तिच्याच कडेला तोंड लावून होते.

महाराज म्हणाले, "पाटील, झरा या शिळेखाली दबला आहे. माशांना तो ठाऊक आहे. पायरी काढा."

"माशांच्या सांगण्यावरून वडिलांचं नाव उखडू?" पाटील उसळले. पण गावाचाही घसा कोरडा होता. दहा गडी पहारी घेऊन आलेच. घामाघूम झाले, शिळा तसूभर हलेना. पाटलांना हसू आवरेना. "आता ठकूबाईलाच बोलवा!"

"बरं सुचवलंत," महाराज म्हणाले. "ये बाय. शंभूचं नाव घे अन् लाव हात."

तिनं घागर कडेवरच धरून एक हात लावला आणि काय सांगावं! तव्यावरची भाकरी परतावी तशी ती शिळा उलटली. खालून झुळझुळ पाणी आलं आणि बघता बघता गुडघ्याला लागलं.

पाटील जोड्यांसकट पाण्यात उतरले आणि महाराजांच्या पायांशी वाकले. "चुकलो महाराज! वडिलांच्या नावाखाली मी गावाचं पाणी दाबलं."

"घागर घ्या तिच्या हातातली," महाराज म्हणाले.

पाटलांनी घागर अलगद तिरपी केली. एकेक कुंकवी डोहात शिरला.

"ठकूबाई, उद्या डबक्यांवर मीही येतो," पाटील म्हणाले.

"या की," ती म्हणाली, "पर पाण्यात जोडं काढून."

पाटलांनी तिथेच जोडे काढले आणि तिच्यापुढेही हात जोडून वाकले.