वेस्टरवालची अवेळची घंटा

फ्लँडर्समध्ये, समुद्राजवळ, वेस्टरवाल नावाचं एक गाव आहे म्हणे. थंडी सुरू व्हायच्या सुमारास तिथे एका दुपारी मनोऱ्यावरची घंटा मधेच वाजायला लागते. ना जेवणाची वेळ, ना सुट्टीची. दुकानदार शटर अर्धं ओढून थांबतात. शाळेतली मुलं दप्तर उचलावं की ठेवावं म्हणून एकमेकांकडे बघतात. पाहुणे तर पारच गोंधळतात. मग गाव दाखवणारे योस आजोबा त्यांना मनोऱ्याखाली बसवून सांगतात ती ही हकिगत.

फार पूर्वी, गिरण्या नव्हत्या तेव्हा, फ्लँडर्सचं कापड लांबलांबच्या बाजारात जायचं. पण त्यातली चांगली लोकर इथली नव्हतीच! मेंढ्या इंग्लंडच्या. लोकर होडीने यायची, इथे घरोघर माग चालायचे आणि कापड न्यायला इटलीचे व्यापारी यायचे. म्हणजे मेंढी एकीकडे, माग दुसरीकडे, अंगरखा तिसरीकडे. मंडळी, डोकं चक्रावलं तरी एवढं ध्यानात धरा, की होडी अडली की माग बंद, आणि माग बंद की चूल बंद.

हे माग घंटेवर चालत. घंटा झाली की कामाला बसायचं, पुन्हा झाली की उठायचं. ती अवेळी वाजली तर सगळे विणकर एकदम रस्त्यावर येतील, दंगा होईल, अशी विणकरांना काम देणाऱ्या मालकांना धास्ती. म्हणून नियमच होता म्हणे, अवेळी घंटा वाजवील त्याला गावाबाहेर घालवायचं, कायमचं.

एकदा भर दुपारी दाट धुकं उतरलं. लोकरीच्या होड्या खाडीच्या तोंडाशी, आणि तिथे पाण्याखाली वाळूचे उंचवटे. रुतली की होडी उलटलीच. एका होडीवर ग्रीट नावाच्या सूत कातणारीचा नवरा होता, लीवेन. धक्क्यावर लोक ओरडत होते, कंदील हलवत होते. काही पोचेना. ग्रीट मनोऱ्याकडे धावली.

घंटेवाला वाउटर आडवा आला. "अगं, वेड लागलं का? घरादाराला मुकशील!"

"माणूस बुडाल्यावर घर काय चाटायचंय? हो बाजूला!"

तिने दोर ओढला तो सोडलाच नाही.

मग काय विचारता! धुक्यात ऊन दिसेना. कोणी म्हणे सकाळ झाली, कोणी म्हणे संध्याकाळ. निम्मे मागावरून उठले, उठलेले परत बसायला धावले, दारातच टकरा. एक म्हातारा तर रात्रीचं जेवण मागायला लागला. "अहो, आत्ताच तर जेवलात!" म्हणून बायको कपाळ बडवत होती. पण होड्यांवर तो आवाज पोचला. आवाजाच्या रोखाने एकेक होडी धक्क्याला लागली. लीवेनची सगळ्यांत शेवटी.

ग्रीटला पंचांपुढे उभं केलं. पंचांनाही कळेना. घालवावं, तर हिनेच गाव वाचवलेलं. सोडावं, तर उद्या कोणीही दोर ओढेल. लीवेन ओल्या कपड्यांनीच म्हणाला, "ही गेली तर मीही चाललो."

मग पंचांतला सगळ्यांत म्हातारा म्हणाला, "घंटा अवेळी वाजली असं म्हणतं कोण? ही तिचीच वेळ. दरवर्षी, याच दिवशी."

नियम राहिला, आणि ग्रीटही राहिली.

आजही त्या दुपारी दोर बाईच ओढते, असं सांगतात. कोण, ते आधी ठरवत नाहीत. जिच्या मनात येईल ती वर जाते, आणि खाली उतरल्यावर तिचं नाव कोणी विचारत नाही.