सहा दिवसांची साक्ष

एकदा एका सतारींच्या व्यापाऱ्याने आपल्या भोपळ्यांच्या कोठारात कॅमेरे बसवून घ्यायचे ठरवले. सतारीचा भोपळा म्हणजे भाजीचा भोपळा नव्हे. तो वर्षानुवर्षे सावलीत वाळवावा लागतो, कारण वाद्याचा नाद त्याच्याच पोटात घुमायचा असतो. असे शेकडो भोपळे तिथे टांगलेले होते.

काम अब्बास मास्तरांकडे आले. कॅमेऱ्यांच्या कामात त्या गावी त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी ते आपली शिष्या उर्मिला हिच्यावर सोपवले. तिचे हे पहिलेच स्वतंत्र काम. तिने आठ कॅमेरे लावले, रेकॉर्डरवर सगळ्यांना सर्वांत वरचा दर्जा दिला आणि चित्रण अखंड चालू ठेवले. पडद्यावर भोपळ्यावरची केसाएवढी चीरही दिसू लागली.

"मास्तर, बघा तरी!"

मास्तरांनी सगळी सेटिंग सावकाश पाहिली. "चित्र सुरेख आहे," एवढेच म्हणाले.

अठरा दिवसांनी व्यापाऱ्याचे बोलावणे आले. एका कारागिराला हवा असलेला मोठा, डौलदार भोपळा जागेवर नव्हता. राखणदार बिरू खाली मान घालून उभा होता.

"किल्ली याच्याकडेच असते," व्यापारी म्हणाला. "चित्रण काढा. आजच याला घरी बसवतो."

उर्मिला रेकॉर्डरवर तारखा मागे नेऊ लागली. सहा दिवसांपलीकडे काहीच नव्हते. एवढे ठसठशीत चित्रण डिस्कची जागा भराभर खात होते, आणि डिस्क भरली की यंत्र जुने पुसून नवे लिहीत होते. यंत्र बिघडले म्हटले असते, तर तिथे कुणाला काय कळणार होते? मास्तरही अजून आले नव्हते.

ती उठून उभी राहिली.

"शेठ, भोपळा कोणी नेला ते मला सांगता येत नाही. आणि म्हणूनच, बिरूभाऊंनी नेला असे तुम्हालाही म्हणता येणार नाही. चूक माझी आहे. मी चित्र देखणे केले, ते किती दिवस टिकेल हे पाहिलेच नाही. बोल लावायचा तर मला लावा."

"भोपळा माझ्याकडे आहे," दारातून आवाज आला.

मास्तर आत आले. काखेत गोणपाटात गुंडाळलेला भोपळा होता. "काम झाले त्याच दिवशी मी नेला, बिरूला सांगून. गप्प राहायचा शब्द मीच त्याच्याकडून घेतला होता. बिरू, तुला आज खाली मान घालावी लागली. मला माफ कर."

मग ते व्यापाऱ्याकडे वळले. मास्तर शांतपणे म्हणाले, "हिची चूक मला तेव्हाच दिसली होती. सांगितली असती, तर हिने एक आकडा बदलला असता आणि ही ते विसरून गेली असती. कॅमेरा चोर पकडायला असतो, असे सगळे समजतात. त्याहून मोठे काम म्हणजे निरपराध माणसाच्या बाजूने साक्ष देणे. ती पुसली गेली की कुणाच्या भाकरीवर गदा येते, हे हिने डोळ्यांनी पाहावे, एवढाच माझा हेतू होता. पण यंत्रापाशी साक्ष उरली नाही, तेव्हा ही स्वतः साक्षीला उभी राहिली. ते मी शिकवलेले नव्हते."

व्यापाऱ्याने बिरूपुढे हात जोडले.

उर्मिलाने डोळे पुसले. "शेठ, इथली वस्तू गेल्याचे तुम्हाला किती दिवसांनी कळते?"

"महिना सहज जातो."

तिने दाराचा कॅमेरा अखंड चालू ठेवला, बाकीचे हालचाल झाली तरच चित्रण करतील असे केले, आणि दर्जा माणसाचा चेहरा ओळखू येईल इथवर खाली आणला. आता चित्रण पंचेचाळीस दिवस टिकणार होते.

दाखवावे म्हणून तिने मागे वळून पाहिले. मास्तर बाहेर पायरीवर बिरूशेजारी चहा पीत बसले होते. तपासायला ते आत आलेच नाहीत.